मुलीचं नाव ‘तारा’ ठेवायचंय, पण अर्थ नेमका कुठला?

प्रश्न आधी थोडक्यात मांडते. विचारणाऱ्या ताईंचं माहेर डोंबिवलीचं, सासर वसईचं ख्रिस्ती, बिऱ्हाड बोरिवलीला. मुलगी दोन महिन्यांची आहे आणि नवराबायको दोघांच्याही मनात ‘तारा’ हे नाव भरलंय. सासऱ्यांना ते देवीचं नाव वाटतं. बाप्तिस्म्याच्या वेळी फादर काय म्हणतील ही त्यांना धास्ती. माहेरच्या आत्या म्हणतात, नवऱ्याला सोडून चंद्राबरोबर गेलेलीचं नाव लेकीला कशाला? त्यात नेटवरच्या नावांच्या याद्यांनी भर घातली आहे. तिथे तारा म्हणजे चांदणी, पृथ्वी, टेकडी, खडक, समुद्र असं काय वाट्टेल ते लिहिलेलं. ताई विचारतात, यातलं खरं काय आणि नाव ठेवावं की नाही?

ठेवा. बिनधास्त ठेवा. आता कारणं सांगते, आणि ती जरा लांबणार आहेत. संस्कृत आणि शब्दांची कुळं शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर बारशाच्या यजमानांनीच मला जास्त कामाला लावलंय.

त्या याद्यांचा आधी निकाल लावू. याद्या करणारे रोमन लिपीतली चार अक्षरं बघतात आणि जगात जिथे जिथे ती तशीच दिसतात तिथले सगळे अर्थ एका ओळीत कोंबतात. उच्चार सारखा असला म्हणून शब्द नातेवाईक होत नाहीत. दोन शब्दांची सर्वांत जुनी रूपं एकमेकांशेजारी ठेवून ती जुळतात का, हे पाहावं लागतं. ‘तारा म्हणजे पृथ्वी’ हा दावा लॅटिन ‘टेरा’वरून आलाय. त्या ‘टेरा’चं मूळ कोरडेपणात आहे, समुद्राच्या उलट, कोरडी जमीन. त्याचं आपल्याकडचं भावंड म्हणजे ‘तृषा’ आणि ‘तृष्णा’, आणि त्या तृष्णेची मराठी नात म्हणजे रोजची ‘तहान’. ताराचा त्या घराण्याशी काडीचा संबंध नाही. पृथ्वी यादीतून खोडून टाका.

आपल्याकडच्या ‘तारा’ला मात्र दोन उगम आहेत, आणि दोन्ही खरे.

पहिला आकाशातला. ऋग्वेदात ‘स्तृभिः’, म्हणजे ताऱ्यांनी, असं रूप येतं. तिथे सुरुवातीचा ‘स’ शाबूत आहे. त्याच वेदात ‘तारः’ हे अनेकवचन येतं, तिथे तो गळून पडलाय. पुढच्या संस्कृतात ‘स’ नसलेलं रूप टिकलं आणि त्याचं तारा, तारका झालं. इतर बहिणींनी तो ‘स’ सोडला नाही. फारसीत सितारा, ग्रीकमध्ये अ‍ॅस्टेर, लॅटिनमध्ये स्टेला, इंग्रजीत स्टार. तेव्हा तारा, सितारा आणि स्टेला या शब्दशः एका आईच्या मुली. वसईला स्टेला नावाचा भागच आहे, तिथून तुमच्या सासऱ्यांची रिक्षा कितीदा गेली असेल! सुनेनं सुचवलेलं नाव आणि त्या भागाचं नाव सख्ख्या नात्यातलं आहे, एवढं त्यांना सांगून बघा.

दुसरा उगम पाण्यातला. ‘तॄ’ धातू म्हणजे पार जाणं, तरून जाणं. त्याचं प्रयोजक रूप तारणं, दुसऱ्याला पार नेणं. तारू, तारक, तारणहार हे सगळे तिथलेच. ‘तारयति इति तारा’, जी पैलतीराला नेते ती तारा. बौद्धांची तारा देवी ही मुख्यतः या अर्थाची. काही जण म्हणतात की हा अर्थ पंडितांनी मागाहून चिकटवला आणि देवी मुळात ताऱ्याचीच. असेलही. पण तिबेटी भाषांतरकारांचा दाखला फार मोलाचा आहे. संस्कृत ग्रंथ तिबेटीत नेताना नावांचंसुद्धा भाषांतर करण्याची त्यांची पद्धत होती. तारेला त्यांनी ‘डोल्मा’ म्हटलं, म्हणजे सोडवणारी, पार करणारी. चांदणीसाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द होता, तो त्यांनी वापरला नाही. म्हणजे ज्या भारतीय पंडितांकडून ते शिकले, तेही ‘तारणारी’ हाच अर्थ सांगत असणार.

ही तारणारी तारा तुमच्या घरापासून फार लांब नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. लोक तिसऱ्या क्रमांकाचा मोठा चैत्य बघतात, फोटो काढतात आणि खाली उतरतात. थोडे कष्ट घेऊन नव्वद क्रमांकाच्या लेण्यात जा. तिथे भिंतीवर अवलोकितेश्वर, म्हणजे बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व, उभा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना छोट्या छोट्या चौकटी कोरल्या आहेत. प्रत्येक चौकटीत संकटात सापडलेली माणसं: हत्ती अंगावर आलाय, सिंह आलाय, साप, आग, चोर, बेड्या, आणि बुडतं गलबत. ही प्रवाशांची आणि व्यापाऱ्यांची भीती आहे. कान्हेरीला दान देणाऱ्यांत सोपारा आणि कल्याणचे लोक होते हे तिथल्या शिलालेखांतच आहे, आणि ही दोन्ही त्या काळची बंदरं. अवलोकितेश्वराच्या दोन बाजूंना ज्या दोन स्त्रिया आहेत, त्यांतली एक तारा आणि दुसरी भृकुटी असं अभ्यासक मानतात. पुढे या भीतींतून सोडवण्याचं काम स्वतंत्रपणे तारेकडे आलं. अष्टमहाभयांतून तारणारी म्हणून तिची स्तोत्रं झाली, ‘ॐ तारे तुत्तारे तुरे स्वाहा’ हा तिचा मंत्र तिबेटपासून मंगोलियापर्यंत गेला.

त्याच लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेखही आहेत, इ.स. १००९ आणि १०२१ चे. अहुर मज्दाला मानणाऱ्या, म्हणजे पारशांच्या धर्माच्या, पाहुण्यांनी बौद्ध लेण्याच्या भिंतीवर आपली नावं आणि तारखा कोरून ठेवल्या. तारेच्या मूर्तीसमोर उभे राहिलेल्या त्या पाहुण्यांच्या भाषेतही ताऱ्याचा शब्द त्याच कुळातला होता, अवेस्तातला ‘स्तर’ आणि पुढे फारसी सितारा. मुंबईच्या पोटात असल्या गोष्टी पडून आहेत आणि आपण बाळाच्या नावासाठी परदेशी याद्या चाळतो!

आता सासऱ्यांच्या धास्तीबद्दल. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या जुन्या कायद्यात मुलाला संताचं नाव द्यावं असा आग्रह होता. १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही. कलम ८५५ एवढंच म्हणतं की ख्रिस्ती भावनेला परकं असलेलं नाव देऊ नये, आणि याची काळजी आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांनी घ्यावी. ‘तारा’ परकं ठरायचं काही कारण मला दिसत नाही. उलट मारियेचं एक फार जुनं बिरुद ‘स्टेला मारिस’, म्हणजे समुद्राचा तारा. खलाशांची वाट दाखवणारी, वादळात हाक मारावी अशी. ‘आवे मारिस स्टेला’ हे लॅटिन स्तोत्र हजार वर्षांहून जुनं आहे. गंमत अशी की हे बिरुद बहुधा पोथीची नक्कल करणाऱ्याच्या हातून चुकून घडलं. संत जेरोमनं मिरियम या हिब्रू नावाचा अर्थ ‘स्टिला मारिस’, समुद्राचा थेंब, असा दिला होता. एक स्वर बदलला आणि थेंबाचा तारा झाला, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे.

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. इकडे बुडत्या गलबतातल्या माणसांना तारणारी तारा, तिकडे दर्यावर्द्यांचा तारा असलेली मारिया. एक दुसरीपासून निघाली असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण किनाऱ्यावरच्या माणसाला दर्यापुढे कुणाला तरी हाक मारावीशी वाटते, आणि दोन्ही धर्मांत ती हाक ‘तारा’ या अर्थाला जाऊन पोचली. वसईच्या घरात आणखी काय हवं? बाप्तिस्म्याला ‘तारा मारिया’ असं जोडनाव दिलंत तर फादरही खूश आणि सासरेही. हा माझा सल्ला, सक्ती नाही.

आत्याबाईंचा आक्षेप जास्त कठीण, कारण त्यांनी पुराण ऐकलेलं आहे, पण अर्धं. बृहस्पतीची पत्नी तारा आणि चंद्र यांची कथा विष्णुपुराणात आहे. तिथे चंद्र माजला आणि त्यानं तारेला पळवून नेलं, असं स्पष्ट आहे. ब्रह्मदेवानं सांगूनही तो तिला परत देईना. त्यावरून देवदानवांचं युद्ध पेटलं, तारेसाठी झालं म्हणून त्याचं नावच तारकामय. मग ब्रह्मदेवानं तिला परत आणलं. तिच्या पोटी जन्मला तो बुध, बुधाचा मुलगा पुरूरवा आणि तिथून चंद्रवंश. म्हणजे यादव, कौरव, पांडव सगळे तारेचे वंशज. पळवून नेणारा चंद्र. त्याला आपण कोजागरीला दुधाच्या पातेल्यात बघतो, बाळांना त्याचं ‘चांदोबा’ म्हणून गाणं म्हणतो, आणि पळवली गेली तिचं नाव अपशकुनी? आत्यांना हे माझ्या वतीनं विचारा. जरा गोड शब्दांत.

शिवाय त्याच आत्या सकाळी ‘अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा’ म्हणत असतील. या पंचकन्यांतली तारा म्हणजे वालीची पत्नी. माझ्या मते रामायणातलं सर्वांत शहाणं माणूस. सुग्रीव एकदा मार खाऊन पळाला आणि लगेच परत आव्हान द्यायला आला, तेव्हा तारेनं वालीला अडवलं. त्याच्या पाठीशी कुणीतरी आहे, राम-लक्ष्मणांशी त्याची मैत्री झाली आहे, जाऊ नका, असं तिनं सांगितलं. वालीनं ऐकलं नाही. पुढे सुग्रीव राज्य मिळाल्यावर रामाला दिलेला शब्द विसरला आणि लक्ष्मण धनुष्य घेऊन किष्किंधेत शिरला, तेव्हा त्याच्यासमोर जायची सुग्रीवाची हिंमत झाली नाही. त्यानं तारेला पुढे केलं, आणि तिनं लक्ष्मणाला शांत केलं. राजकारण कळणारी, बोलायची वेळ ओळखणारी बाई. दशमहाविद्यांतली, म्हणजे तंत्रातल्या दहा देवींतली, तारा याहून निराळी, उग्र. बंगालात वीरभूम जिल्ह्यातलं तारापीठ तिचंच.

एखादे शास्त्री मनुस्मृतीतला तिसऱ्या अध्यायातला श्लोकही काढतील: नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं नाव असलेली मुलगी बायको करू नये. तो श्लोक खरा आहे. पण तो कुणी पाळला? बलरामाची आई रोहिणी, बायको रेवती, दोघी नक्षत्रंच. गंगा, गोदावरी, तुळसा यांच्या लग्नांचं काय करायचं? पारस्कर गृह्यसूत्र म्हणतं मुलीच्या नावाची अक्षरं विषम हवीत आणि शेवटी ‘आ’ हवा. ‘तारा’त अक्षरं दोन, म्हणजे अर्ध्या गुणांनी नापास, पण मग सीता, राधा, गीता सगळ्याच नापास. त्यापेक्षा मनूच्याच दुसऱ्या अध्यायातली कसोटी मला आवडते: मुलीचं नाव उच्चारायला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्वच्छ असलेलं, मन रमवणारं, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं असावं. त्यात ‘तारा’ पहिल्या वर्गात पास.

आणि पुराणांपेक्षा जवळच्या तारा मराठी माणसाला ठाऊक असायला हव्यात. हंबीरराव मोहित्यांची मुलगी, राजारामांची राणी ताराबाई. १७०० साली राजाराम गेले आणि १७०७ मध्ये औरंगजेब मरेपर्यंत तिनं स्वराज्याची लढाई चालवली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुराणांतल्या देवांच्या वागण्यावरही बोट ठेवणाऱ्या. ताराबाई मोडक, ज्यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांची शाळा त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रुळलेला शब्द तिथला. हरिश्चंद्राची तारामती मात्र मार्कंडेय पुराणात ‘शैव्या’ आहे, तारामती हे तिचं लोकांच्या तोंडचं नाव. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशनला लागला, त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके. मिश्या काढून तारा झालेला पुरुष! आत्यांना हसवायला हे सांगा.

आता आयर्लंड. तिथे ‘टारा’ ही मीथ परगण्यातली टेकडी आहे, आयर्लंडच्या महाराजांचं जुनं पीठ. आयरिश भाषेत तिचं नाव ‘ट्याउअर’च्या जवळपास उच्चारलं जातं, षष्ठीच्या रूपावरून इंग्रजांनी त्याचं ‘टारा’ केलं. मूळ अर्थाबद्दल दोन मतं: लांबवर नजर पोचेल अशी उंच जागा, किंवा देवासाठी वेगळी काढून ठेवलेली जागा. दोन्हींत तारा नाही, तारणं नाही. तिथली सर्वांत जुनी दफनवास्तू पाच हजार वर्षांपूर्वीची. १८४३ मध्ये डॅनियल ओकॉनेलनं इंग्रजी सत्तेविरुद्ध तिथे प्रचंड सभा घेतली; तारीख होती १५ ऑगस्ट. निव्वळ योगायोग, पण आपल्याला थबकायला लावणारा.

मुलीचं नाव म्हणून मात्र पाश्चात्त्य देशांत ‘टारा’ पसरलं ते फार उशिरा. १९३६ ची ‘गॉन विथ द विंड’ ही कादंबरी आणि १९३९ चा त्यावरचा चित्रपट, यांत नायिकेच्या आयरिश बापानं आपल्या मळ्याला त्या टेकडीचं नाव दिलंय. कथेत त्या नावाची मुलगी कुणीच नाही, पण चित्रपट पाहिलेल्यांनी घराचं नाव उचलून मुलींना दिलं. तेव्हा उद्या तुमची लेक शिकायला बाहेर गेली आणि कुणी ‘अरे, आयरिश नाव!’ म्हणालं, तर तिनं हसून सोडून द्यावं किंवा स्टेलाची वंशावळ ऐकवावी.

बाकीचं भराभर. मॉन्टेनेग्रोत तारा नावाची नदी आहे, तिची घळ युरोपातली सर्वांत खोल म्हणून सांगतात, आणि सर्बियाकडे तारा हे मुलींचं नाव चांगलंच चालतं. न्यूझीलंडमध्ये मात्र माओरींचा तारा पुरुष: वेलिंग्टनच्या बंदराचं माओरी नाव ‘ते व्हांगानुई-आ-तारा’, म्हणजे ताराचं मोठं बंदर, आणि हा तारा म्हणजे व्हातोंगा या पूर्वजाचा मुलगा. जपानीत ‘तारा’ म्हणजे कॉड मासा. स्पॅनिशमध्ये ‘तारा’ म्हणजे मालाच्या वजनातून वजा करायचं वेष्टनाचं वजन, किंवा खोट. ही एकच गोष्ट जरा खटकेल अशी; पण स्पेनमध्ये स्थायिक व्हायचा बेत नसेल तर तिच्यापायी नाव बदलू नका. कुठलाही दोन अक्षरी उच्चार घ्या, जगात कुठे तरी तो मासा किंवा शिवी निघतोच.

मराठीतली चेष्टा सांगून ठेवते, कारण शाळेत होणारच. ‘अकलेचे तारे तोडू नकोस’ हे एक. दुसरं ‘तारांबळ’. हा शब्द लग्नातल्या ‘ताराबलं चंद्रबलं तदेव’वरून आला असं सांगतात, भटजींनी ते सुरू केलं की मुहूर्त आला म्हणून मांडवात एकच धावपळ, अक्षता कुठे, अंतरपाट कोण धरणार, मामा कुठे गेले. मुलीला कुणी तारांबळ म्हणालं तर हे तिला माहीत असलेलं बरं.

आता व्यवहाराचं. अवकहडा चक्रात, म्हणजे जन्मनक्षत्रावरून नावाचं अक्षर काढायच्या तक्त्यात, ‘ता’ हे अक्षर स्वातीच्या चौथ्या चरणाला येतं, रास तूळ. मुलीचं नक्षत्र दुसरं असेल तर पत्रिकेतलं नाव वेगळं राहू द्या, व्यवहारातलं तारा. निम्म्या महाराष्ट्राचं असंच आहे. स्पेलिंगमध्ये एकच ए ठेवा. उच्चार लांब व्हावा म्हणून दोन ए लावायची टूम आहे, पण एकदा दाखल्यावर एक, आधारवर दोन आणि शाळेत तिसरंच झालं की दुरुस्तीला खेटे घालावे लागतात. जन्माची नोंद नाव न घालता झाली असेल तर जन्मापासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. नंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. मात्र ही नोंद तुम्ही राहता त्या वॉर्डात नसते, ज्या वॉर्डाच्या हद्दीत प्रसूती झाली तिथे असते. बाळंतपण डोंबिवलीला माहेरी झालं असेल तर बोरिवलीच्या कार्यालयात रांग लावून उपयोग नाही, कल्याण-डोंबिवली पालिकेकडे जावं लागेल. आणि बारशाला कानात नाव सांगायचा मान बाळाच्या आत्याचा, म्हणजे तुमच्या नणंदेचा. तुमच्या आत्यांचा नाही. त्यांना पाळण्याची दोरी धरायला द्या.